डाव्या हाताची मुलं

चोवीस हात वर गेले आणि मला वाटलं, झालं, आपलं संपलं.

सातवीचा वर्ग, तिसरा तास. मुलं चार-चारच्या टेबलांना बसलेली. प्रत्येक टेबलावर पत्र्याचा ट्रे आणि ट्रेमध्ये काळी माती. ती आम्ही भिजवून दोन आठवडे गच्चीवर वाळवली होती. आता तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. दारात पाहुणे उभे होते. एक बाई, पन्नाशीच्या, मूळच्या सोलापूरच्या आणि आता बंगळुरात राहणाऱ्या. एक साहेब, परदेशी, उंच, फारसे न बोलणारे. त्यांच्या मागे आमच्या प्राचार्य रागिणी मॅडम, आणि मॅडमच्या मागे संस्थेचे अध्यक्ष जानरावसाहेब, लग्नात घालतात तसला कोट घालून. आमच्या शाळेला परदेशी बोर्डाचा अभ्यासक्रम चालवायची मान्यता मिळणार की नाही, हे त्या दोघांच्या तीन दिवसांच्या भेटीवर होतं. मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. वानखडे सर, तुम्ही प्रश्न विचारू नका, मुलांना प्रश्न पडू द्या. दोन वर्षं मी हे ऐकत होतो, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण दारात चार मोठी माणसं दिसली आणि सत्तावीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "मातीला भेगा कशामुळे पडतात, कोण सांगेल?" मी विचारलं, आणि चोवीस हात वर गेले. निम्मे उजवे, निम्मे डावे.

ज्याला येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. तपासणीला आलेल्या साहेबाला वर्गभर हात दिसतात. मास्तर उजव्या हातालाच विचारतो, उत्तर बरोबर येतं, साहेब चांगला शेरा लिहून चहाला जातो. आमच्याकडच्या शाळांत हे जुनं आहे. मागच्या वर्षी खात्याची तपासणी झाली तेव्हा मी या मुलांना ते शिकवलं आणि नंतर मोडायचं राहून गेलं. मुलं रोजच तसे हात वर करायची. मलाही ते सोयीचं होतं. पण आज नको होतं. आज भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, शाळेचं प्रामाणिकपणाचं धोरण लावलेलं होतं, इंग्रजीत आणि मराठीत. पाहुण्या बाईंनी एका हाताकडे पाहिलं, मग शेजारच्या हाताकडे, मग सगळ्या वर्गाकडे सावकाश नजर फिरवली. मग त्या ओजस्वीच्या टेबलाशी वाकल्या. ओजस्वी भातकुलीहून येते. तिला खोटं बोलायला वेळ लागतो.

"तू डावखुरी आहेस का गं?"

"नाही मॅडम."

"मग डावा हात?"

"मले येत नाही म्हणून डावा. ज्याले येते त्याचा उजवा. साहेब लोक आले की असंच करा लागते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. लहान होतं, एका ओळीचं. साहेबांनी मान वाकवून विचारलं, बाईंनी इंग्रजीत सांगितलं, साहेबांच्या भुवया वर गेल्या. रागिणी मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. जानरावसाहेबांना काय झालं ते कळलंच नाही, ते मुलांचे एवढे हात पाहून खुश होते. मी फळ्याशी जायला वळलो आणि माझा पाय वर उचलला गेला. पायरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी नव्या पद्धतीसाठी शाळेतल्या सगळ्या वर्गांतले मास्तरांचे ओटे गवंडी लावून फोडले. शिक्षक मुलांपेक्षा उंच नको, असं ते होतं. मला ते पटलंही होतं. पण माझ्या पायाला अजून पटलेलं नाही. फळ्याशी जाताना तो वीतभर वर उचलला जातो आणि मग हवेतून खाली येतो. तेवढा एक क्षण पायाखाली काहीच नसतं. जुलैपासून तसं घरीही होतं. सकाळी मी दोन कप काढतो, आणि एक परत ठेवताना तसंच वाटतं.

संस्थेच्या सभेत जानरावसाहेबांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. नवीन ज्याला जमेल तो इथे राहील, नाही जमणार त्याची चांदूर बाजारच्या आपल्या मराठी शाळेत बदली. "त्यात कमीपणा नाही बाप्पा," ते म्हणाले होते, "तिथं बी पोट्टेच शिकवा लागते." खरं होतं. मी कुठेही शिकवलं असतं. पण चांदूर बाजार म्हणजे रोज दोन बस, त्या माझ्या गुडघ्यांना झेपल्या नसत्या. तिथे खोली घ्यावी लागली असती आणि अमरावतीचं घर बंद करावं लागलं असतं. माझी मुलगी यशोधरा अकोल्याला एका तपासणी लॅबमध्ये नोकरी करते. ती म्हणत होती, बदली झाली तर नोकरीच सोडा बाबा आणि इकडे या. तेव्हाही घर बंदच. गाडगेनगरातल्या त्या घरात फ्रिजवर ज्योत्स्नाचा चष्मा आहे. खिळ्याला तिची शाळेची पिशवी आहे. ती मी उघडलेली नाही, हलवलेलीही नाही. घर, स्कूटर, शाळा, परत घर, हा रस्ता स्कूटरला पाठ आहे म्हणून माझा दिवस जातो. त्यातलं एक काढलं असतं तर बाकीचं कशावर उभं राहिलं असतं, मला माहीत नव्हतं.

ज्योत्स्ना माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवायची, भातकुलीच्या पुढे एका खेड्यात. डाव्या-उजव्या हाताची गोष्ट मी तिच्याकडूनच ऐकली. आमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. तिच्याकडे तपासणी होती. रात्री जेवताना ती सांगत होती, साहेब कसे थक्क झाले, म्हणे बाई तुमचा वर्ग शंभर टक्के हाये. मी इतका हसलो की घास घशात अडकला. दुसऱ्याच महिन्यात मी ते माझ्या वर्गात आणलं. मी तेवढंच आणलं. तिची गोष्ट पुढे होती, ती मी तेव्हा कानाआड केली. साहेब गेले की ती डाव्या हातांची नावं टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या धड्यांच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पानावर लिहायची. मधल्या सुट्टीत त्या पोरांना घेऊन झाडाखाली बसायची, त्यांचे डबे उघडायला लावायची, आणि खाता खाता पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी तिला एकदा म्हटलं होतं, "साहेब गेला न आता? मंग कावून डोकं खपवून राहिली?" ती म्हणाली, "साहेबासाठी उजवे होते. डावे माह्यासाठी होते. नाही तर मले कसं समजते कोणाले येत नाही? तोंडानं कोणी सांगते का?" मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. आणि भाकरी मोडली. घरातसुद्धा तिने तेच चालवलं होतं. यशोधरा गणिताला बसली की तोंडाने येत नाही असं कधी म्हणायची नाही, पुस्तकावरची नजर न काढता फक्त डावा हात वर करायची. आणि ज्योत्स्ना कणकेचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ जाऊन बसायची.

ती गेली त्या दिवशी आमच्या शाळेत नव्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून दोन मुली आल्या होत्या शिकवायला, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सकाळीच सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत गोळा केले. त्यांचं काही चुकलं नाही. लक्ष लागावं म्हणून सगळीकडे करतात. साडेबाराला सुट्टी झाली, मी स्टाफरूममध्ये डबा उघडला. वांग्याची भाजी होती, तिने सकाळी दिलेली. मी पूर्ण डबा खाल्ला. एक पोळी जास्त होती, तीही खाल्ली. मग शिपाई मोतीराम टोपली घेऊन आला आणि म्हणाला, सर, तुमचा फोन लय वेळचा थरथरून राहिला. अकरा वाजताच ती वर्गात खाली पडली होती. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच पोचला असतात तरी फरक पडला नसता. मी ते ऐकलं. पण दीड तास मी भेगा, प्रश्न, कुतूहल असल्या गोष्टी वहीत उतरवून घेत होतो आणि मग जेवत होतो, हे काही डॉक्टरांच्या हातात नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सगळी शाळा आली. सगळ्यांनी विचारलं, सर, ठीक आहात ना? मी म्हटलं, हो. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हो म्हणत आलो. रोज रात्री आठला यशोधराचा फोन येतो, "बाबा, जमून राहिलं ना?" हो, जमून राहिलं. नव्या पद्धतीत धड्याच्या आराखड्यात शेवटी एक रकाना असतो, काय जमलं नाही. रागिणी मॅडम म्हणतात, तो रिकामा ठेवायचा नाही. मी त्यात दर आठवड्याला लिहीत होतो, काही नाही.

स्टाफरूममध्ये मात्र मला बसवेना. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला की छातीत काहीतरी व्हायचं. बाकीचे लोक चांगले. कोणी भाजी वाढायचं, कोणी म्हणायचं सर खा थोडं. तेच नकोसं व्हायचं. म्हणून मी सुट्टीत सातवीच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसू लागलो. नुसतं बसलेलं बरं दिसत नाही, कोणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून ज्यांचा डावा हात वर होता त्यातल्या दोन-तीन मुलांना थांबवून घेऊ लागलो. हळूहळू सात-आठ मुलं यायला लागली. ती डबे खायची, मी सांगायचो. मुलांनी मला कधी विचारलं नाही की सर तुम्ही ठीक आहात ना. ती विचारायची, सर, तुमी डबा नाही आणत काय? मी म्हणायचो, नाही. मग ओजस्वी तिच्या आईच्या हातची ठेच्याची भाकर अर्धी तोडून माझ्यासमोर ठेवायची, आणि मी ती खायचो. का कोण जाणे, ती खाता यायची.

त्या दिवशीही सुट्टी झाली तेव्हा मी वर्गातच होतो. पाहुणे ऑफिसात गेले होते. मला वाटत होतं, मॅडम आता बोलावतील, जानरावसाहेब आता कोट काढून येतील. मोतीराम दारात डोकावून तसाच परत गेला, हेही वाईट लक्षण होतं. मुलं नेहमीसारखी डबे घेऊन आली. मी म्हटलं, आज जा, आज नको. ओजस्वी म्हणाली, "कावून सर? आज तं मले खरंच नाही समजलं. सकाळी तुमी सांगतलं, माती वाळली की आंग चोरते, म्हणजे काय?" बाकीच्यांनी डबे उघडलेही होते. मग मी ट्रे ओढला. म्हटलं, हे पहा, ओला कपडा वाळत घातला की आखडतो ना, तसं. ही काळी माती पाणी प्याली की फुगते. पाणी गेलं की आखडते, पण सगळी एकदम नाही आखडू शकत, मग मधेमधे सुटते. ती म्हणाली, "मंग पाऊस आल्यावर भेगा बुजते, तं तिले आठवत असन काय कुठं फाटली होती ते?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, आपण पाहू. याच ट्रेमध्ये पाणी घालू आणि परत वाळवू, आधीच्या भेगा कागदावर काढून ठेवू. दोघं कागद आणायला उठले, आणि तेव्हा मला दिसलं की मागच्या दाराशी पाहुण्या बाई उभ्या आहेत. एकट्याच. किती वेळच्या, माहीत नाही. त्यांनी मला हाताने खूण केली, चालू द्या. मग ओजस्वीशेजारच्या खुर्चीत बसल्या. ओजस्वीने त्यांच्यासमोरही भाकर ठेवली. त्यांनी खाल्ली. ठेचा लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मुलं हसली.

"हे रोज असतं?" त्यांनी मुलांना विचारलं.

"रोज," ओजस्वी म्हणाली. "डाव्या हातवाल्यायची शाळा. ज्याले सगळं येते त्याले बसू नाही देत सर."

तीन वाजता प्रत्येक शिक्षकाची मुलाखत होती. ग्रंथालयात गोल टेबल मांडलेलं. बाई, साहेब, आणि समोर मी. माझे आराखडे त्यांच्यासमोर होते. मी ठरवूनच गेलो होतो की आता लपवायचं काही नाही. बाईंनी सुरुवात तिथूनच केली. सकाळी मुलांचे ते हात, ते तुम्ही शिकवलंत? मी म्हटलं, हो. तपासणीला आलेल्या साहेबाला फसवायला शिकवलं. त्यांनी ते इंग्रजीत साहेबांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणि दुपारचं? ते कोणी शिकवलं? मला सांगायचं होतं की ते तुम्हाला वाटतं तसं नाही, मी तिथे लपून बसतो, मला स्टाफरूममध्ये जेवता येत नाही. पण तोंडातून दुसरंच आलं. मी म्हटलं, "माझ्या बायकोने. ती प्राथमिक शिक्षिका होती. तिच्याकडून मी अर्धंच घेतलं होतं. उरलेलं ती गेल्यावर घेतलं, तेही मला नकळत." आठ महिन्यांत शाळेच्या आवारात मी तिचं नाव घेतलं नव्हतं. बाईंनी नाव विचारलं म्हणून सांगितलं, ज्योत्स्ना. साहेबांनी ते नाव विचारून विचारून नीट लिहून घेतलं. त्यांना ज्यो जमत नव्हतं, मी दोनदा सांगितलं. मग बाईंनी माझा शेवटचा रकाना बोटाने दाखवला. काही नाही, काही नाही, काही नाही, असा ओळीने खाली.

"सर, आठ महिन्यांत न जमलेलं असं काहीच नाही?"

मी म्हटलं, "बाई, इथे खरं लिहिलं तर ते धड्याचं राहणार नाही."

"धड्याचं तेवढं लिहा," त्या म्हणाल्या. "बाकीचं ज्याला सांगायचं त्याला सांगा. पण डावा हात वर करायला मुलांना शिकवता आणि स्वतः उजवाच करून बसता, हे बरं नाही." त्या हे रागावून म्हणाल्या नाहीत. कागद आवरता आवरता म्हणाल्या, जसं कोणी सांगतं की बाहेर ऊन आहे, टोपी घाला.

पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी गेले. लेखी अहवाल यायला काही आठवडे लागतात, पण जाण्याआधी त्यांनी मॅडमना तोंडी सांगितलं होतं की शाळेचं बहुतेक होईल. काही सुधारणा आहेत. तपासणीसाठी मुलांना बसवून ठेवलेलं सगळं बंद करा, ही त्यातली पहिली. आणि दुपारचा तो वर्ग बंद करू नका, ही दुसरी. मॅडमनी मला ऑफिसात बोलावून हे सांगितलं. त्या पुण्याच्या, फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "सर, ते हात पाहून मी तुमच्यावर खूप चिडले होते." मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, "आता नाही." जानरावसाहेब बाहेरच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून म्हणाले, "काय वानखडे सर, चांदूर बाजारची गाडी सुटली बरं का तुमची. आता उभे ऱ्हाल तं इथंच." आणि मोतीरामला म्हणाले, सरांना चहा दे. मी तो चहा स्टाफरूममध्ये बसून प्यालो. कोणीतरी उशिराचा डबा उघडला. आवाज ऐकू आला. पहिल्यासारखं झालं, पण कमी झालं. मी बसून राहिलो.

घरी येऊन खिळ्यावरची पिशवी काढली. तिची टाचणवही, दोन खडू, तिचा रुमाल. वहीच्या शेवटच्या पानावर सात नावं होती, जुलैच्या त्या सकाळची. तिने ती पहिल्या तासाला लिहिली असणार. सातही जणांना त्या दिवशी कोणी काही सांगितलं नसेल, एवढंच डोक्यात आलं. मी वही परत पिशवीत ठेवली, पण पिशवी खिळ्याला अडकवली नाही. खुर्चीवर ठेवली.

शनिवारी दुपारी मी अकोल्याची बस धरली. कळवलं नव्हतं, मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा फोन केला. यशोधरा म्हणाली, काय झालं बाबा, असे अचानक? मी म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, चांगलंच झालं, आल्यावर सांगतो. ऊन होतं. खिडकीबाहेर कापूस निघालेली रानं, मोकळी पडलेली, आणि काळ्या मातीत भेगा. मी त्या पाहत बसलो. इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, तेव्हा त्या तिथेच असणार.

अकोल्याच्या स्टँडवर ती स्कूटी घेऊन उभी होती. आईसारखीच, ओढणी डोक्याला गुंडाळून. मी बदली टळल्याचं सांगितलं, घर बंद करायचं नाही आता, असं सांगितलं. तिने मोठा श्वास सोडला. मला तेव्हाच कळलं की तिलाही ते घर बंद करायचं नव्हतं. मग तिने डिकी उघडली, माझ्या हातातल्या कपड्यांच्या पिशवीकडे हात केला आणि रोजचंच विचारलं.

"बाकी, जमून राहिलं ना बाबा?"

उजव्या हातात पिशवी होती, पण त्यामुळे नाही. मी डावा हात वर केला. खांद्याच्या वर, पोरं करतात तसा. मागून एक ऑटोवाला ओरडला, "काका, सरका ना, इथं वर्ग भरवून राहिले काय?" मी सरकलो नाही. यशोधरा माझ्या हाताकडे पाहत होती.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"जुलैपासून."

तिने पिशवी माझ्या हातातून घेतली, डिकीत ठेवली, डिकी बंद केली. मग स्कूटीवर बसून मागे माझ्यासाठी जागा केली.

"मंग मधल्या सुट्टीत थांबा," ती म्हणाली. "दोन दिवस. वांगे आणले म्या सकाळी."

मी हात खाली घेतला आणि मागे बसलो.